कार्यालयीन ईमेल-लेखन

कामकाजासाठी ईमेल लिहिण्याची रीत. आपल्याकडून काय हवे आहे आणि कधीपर्यंत, हे वाचणाऱ्याला पहिल्याच वाचनात कळणे, ही या लेखनाची खरी कसोटी. भाषेचा डौल, मायना, समारोप या गोष्टी त्यानंतरच्या.

दोन वेगळ्या संगणकांमधला पहिला ईमेल अमेरिकन अभियंता रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये आर्पानेट या जाळ्यावरून पाठवला. संदेशाचा आराखडा १९८२ च्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजाने निश्चित झाला आणि २००८ मध्ये आरएफसी ५३२२ ने तो सुधारला. या मानकानुसार दिनांक आणि पाठवणाऱ्याचा पत्ता एवढेच शीर्षभागात बंधनकारक. विषयाची ओळ ऐच्छिक आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र सगळ्यात जास्त भार तिच्यावरच असतो, कारण मेल आत्ता उघडायचा की संध्याकाळी, हे तिच्यावरून ठरते.

मराठी शासकीय पत्रामुळे ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ लिहिण्याची शिस्त आपल्याकडे आधीपासूनच आहे. तिचा फायदा घ्यायचा सोडून तिथला ‘बाबत’ तेवढा ईमेलमध्ये आला. ‘बिलाबाबत’ या विषयातून काहीच कळत नाही. ‘मार्चच्या छपाईचे बिल : मंजुरी शुक्रवार, ११ एप्रिलपर्यंत हवी’ या ओळीत अर्धे काम उरकते, आणि सहा महिन्यांनी शोधल्यास तो मेल सापडतोही.

पहिले वाक्यही तितकेच मोलाचे. मोबाइलवर विषयाखाली मजकुराचे सुरुवातीचे मोजके शब्द दिसतात. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ लिहिले, तर ती जागा तिथेच संपते. याहून मोठा दोष कर्ता दडवणाऱ्या वाक्यांचा. ‘सदर बिल तपासून पुढील कार्यवाही व्हावी, ही विनंती’ असा मेल तिघांना गेला की दुसरा कोणी बघेल म्हणून तिघेही थांबतात. तोच मजकूर असा लिहिता येतो : ‘देशपांडे मॅडम, मार्चच्या छपाईचे बिल सोबत जोडले आहे. रक्कम १८,४०० रुपये. प्रती वाढवल्यामुळे ती कोटेशनपेक्षा २,००० रुपयांनी जास्त आहे. शुक्रवारपर्यंत आपली मंजुरी मिळाल्यास सोमवारी मुद्रकाचे पैसे देता येतील.’ यात नाव, रक्कम, फरकाचे कारण आणि मुदत सगळे आले, आणि अदबही कुठे कमी झालेली नाही. मॅडमना उलट विचारण्यासारखे काही उरत नाही.

जुन्या मराठी पत्रात ‘कृतानेक नमस्कार, विनंती विशेष’ झाल्यावर क्षेमकुशल येई आणि मग मुद्दा. घरगुती पत्रात ही रीत शोभून दिसते. कामाच्या मेलमध्ये ‘नमस्कार’ पुरतो. दोन निराळी कामे असतील, तर दोन मेल करावेत. एकात घातली की दुसरे हमखास मागे पडते.

‘टू’मध्ये काम करणारा आणि ‘सीसी’त फक्त माहिती हवी असलेला, ही विभागणी कसोशीने पाळावी. एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेकांना मेल करताना पत्ते ‘बीसीसी’त टाकावेत, म्हणजे कोणाचा पत्ता उघड होत नाही. ‘रिप्लाय ऑल’ दाबण्यापूर्वी यादी वाचावी.

फाइल जोडण्याची आणि इंग्रजीखेरीज इतर लिप्या वापरण्याची प्रमाणित सोय १९९२ च्या ‘माइम’ मानकाने झाली. तरीही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांत दिसतो. मराठी मेल युनिकोडमध्येच लिहावा.

सौजन्याचे संकेत १९९५ च्या आरएफसी १८५५ मध्ये एकत्र आले. इंग्रजीत सगळी मोठी अक्षरे वापरणे म्हणजे ओरडणे, असे त्यात नोंदवले आहे. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत, पण लाल ठळक टंक आणि ओळीने तीन उद्गारचिन्हे तेच करतात.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता दिली. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधील अटी पूर्ण केल्यास ईमेल न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करता येतो. दोन ओळींचा मेलही त्याला अपवाद नाही.