पंचाचं वय कशानं मोजायचं?

आमच्या यवतमाळात कबड्डीच्या सामन्याला शिट्टी असायची ती बहुधा एखाद्या ड्रिल मास्तरांच्या तोंडात. सरकार त्यांना ५८व्या वर्षी शाळेतून निवृत्त करी. मैदानावर मात्र कुणी जन्मतारीख विचारत नसे. मोठ्या खेळांत ती विचारतात, आणि उत्तर खेळागणिक बदलतं.

जमैकाचे स्टीव्ह बकनर यांनी हे दोन्हीकडून अनुभवलं. जन्म १९४६चा. ते आधी फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय पंच. तिथं ४५ वर्षांची अट आडवी आली आणि शिट्टी खाली ठेवावी लागली. क्रिकेटमध्ये मात्र त्यांची पहिली कसोटी १९८९ची, किंग्स्टनला, भारताविरुद्धची. पुढं १२८ कसोट्या करून ते थांबले २००९ साली, ६२व्या वर्षी. आपल्या मुंबईचे माधव गोठोसकर पहिल्या कसोटीला उभे राहिले १९७३ साली, वय ४४! फुटबॉल माणसाला तेव्हा घरी बसवत असे त्या वयात.

कारण उघड आहे. फुटबॉलच्या पंचाला चेंडूमागं पळावं लागतं. त्यासाठी बारा मिनिटं पळवून अंतर मोजणारी कूपर चाचणी वर्षानुवर्षं होती. क्रिकेटचा पंच पळत नाही, पण पाच दिवस उन्हात उभं राहून डोळे-कान जागे ठेवतो. इंग्लंडचे फ्रँक चेस्टर पहिल्या महायुद्धात हात गमावून आले आणि १९२४ ते १९५५ या काळात ४८ कसोट्यांना पंच होते. एका हातानं.

मग आली जानेवारी २००८ची सिडनी कसोटी. इशांत शर्माच्या चेंडूवर सायमंड्सच्या बॅटची कड लागली, ती बकनरना ऐकू आली नाही. आपल्याकडे चहाच्या टपऱ्यांवर एकच सूर, म्हाताऱ्याला काढा! पर्थच्या पुढच्या कसोटीतून त्यांना काढलंही. पण त्याच सामन्यात फिल्डरच्या शब्दावर गांगुलीला बाद देणारे मार्क बेन्सन ४९ वर्षांचे होते. त्यांचं वय कुणी काढलं नाही. मला तेव्हाही हे खटकलं होतं.

फिफानं पुढं ४५ची अट उठवली, पळण्याची परीक्षा तेवढी ठेवली. जुलै २०२१मध्ये वेम्बलीवर इटली-इंग्लंड युरो अंतिम सामन्याचे पंच होते नेदरलँड्सचे ब्योर्न कायपर्स, वय ४८. सामना जादा वेळेत गेला, मग पेनल्टींवर सुटला. तोवर दोन तास ते खेळाडूंच्या बरोबरीनं पळत होते.