राखीव वेग : ओव्हरक्लॉकिंगची चाळीस वर्षे

कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. हे शक्य होते, कारण प्रत्येक चिपमध्ये थोडा वेग राखून ठेवलेला असतो. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या चिप्सही तंतोतंत सारख्या निघत नाहीत. चाचणी घेऊन त्यांची प्रतवारी होते आणि भर उन्हाळ्यात, धूळ साचलेल्या पंख्याखाली, वर्षानुवर्षे बिनचूक चालेल एवढाच वेग चिपवर छापला जातो. शिवाय स्वस्त मालाला मागणी जास्त असली, की उत्तम चिप्सही कमी वेगाच्या म्हणून विकल्या जातात. हौशी मंडळींचा डोळा या राखीव वेगावरच राहिला.

आयबीएमचा ‘पीसी एटी’ १९८४ साली आला. त्यातला ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झने चाले. हा वेग मदरबोर्डवरच्या १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमधून, निम्मा होऊन, मिळत असे. क्रिस्टल काढून तिथे १६ मेगाहर्ट्झचा बसवला, की प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झने पळू लागे. आयबीएमने पुढे बायोसमध्येच वेगाची तपासणी घातली. वेग जास्त आढळला, तर संगणक सुरूच होत नसे.

१९९२ च्या ४८६ डीएक्स-२ पासून प्रोसेसरचा वेग मदरबोर्डवरच्या बसचा (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गाचा) वेग गुणिले एक ठरावीक गुणक, असा ठरू लागला. पेंटियमच्या काळात तर दोन जंपर इकडचे तिकडे केले तरी काम भागे. याच सोयीचा गैरफायदा घेऊन काही व्यापारी चिपवरचा आकडा खरवडून त्यावर मोठा आकडा छापत. जास्त पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला आपला संगणक वारंवार का अडकतो, हे कळायला मार्ग नसे. नव्वदीच्या उत्तरार्धात इंटेलने गुणकाला कुलूप घातले. फसवणुकीला त्यामुळे चाप बसला, पण हौशींपुढेही बसचा वेग वाढवण्याचा एकच रस्ता उरला.

तो रस्ता धोक्याचा होता. बसच्याच वेगातून पीसीआय कार्डे आणि हार्ड डिस्क यांचाही वेग ठरे. ६६ ची बस ८३ मेगाहर्ट्झवर नेली, की ३३ मेगाहर्ट्झसाठी बनवलेली पीसीआय ४१ च्या पुढे जाई. प्रोसेसर तगून राही, पण डिस्कवरची माहिती बिघडे. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या सेलेरॉन ३००ए ला जे अढळ स्थान मिळाले, त्याचे मर्म इथे आहे. त्याचा गुणक साडेचार आणि बस ६६ ची. ४४०बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डवर बस १०० केली, की तो थेट ४५० मेगाहर्ट्झवर पोहोचे. १०० हा त्या मदरबोर्डचा अधिकृत वेग असल्याने पीसीआयसाठी तिथे एकतृतीयांशाचा भाजक तयारच होता. तिचा वेग ३३ वरच राही. म्हणजे मर्यादा ओलांडत होता तो एकटा प्रोसेसर. त्याची १२८ किलोबाइटची कॅश चिपवरच, प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. त्यामुळे कित्येक कामांत हा स्वस्त प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झच्या महागड्या पेंटियम-२ च्या तोडीस तोड ठरला. ओव्हरक्लॉकिंगच्या इतिहासात एवढा मोठा लाभ इतक्या कमी जोखमीत क्वचितच मिळाला असेल.

२००० साली एएमडीच्या नव्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरवर गुणकाचे कुलूप म्हणजे पृष्ठभागावर तोडून ठेवलेले बारीक पूल होते. साध्या शिसपेन्सिलीने ते जोडले, की ग्राफाइटमधून वीज वाहू लागे आणि कुलूप उघडे. पण या अ‍ॅथलॉनला उष्णतेपासून स्वतःला वाचवण्याची सोय नव्हती. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने चालू संगणकावरचा हीटसिंक काढून दाखवला, तेव्हा पेंटियम-४ आपणहून मंदावला आणि अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळाला.

उष्णतेचे गणित कठोर आहे. ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले, तर उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात म्हणूनच फार कमी वाव उरतो. तरी उष्णता निदान मोजता येते. व्होल्टेजचे नुकसान दिसत नाही. २००२ च्या नॉर्थवूड पिढीचे पेंटियम-४ बेतशीर तापमानातही, १.७ व्होल्टच्या वर चालवल्यास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अचानक बंद पडत. विद्युतप्रवाहाच्या रेट्याने तारांमधले धातूचे अणू जागचे हलतात. त्याचा हा परिणाम मानला गेला.

अशा अनुभवांतून सुरक्षित पद्धत घडली : वेग थोडाथोडा वाढवायचा, व्होल्टेजला शेवटी हात लावायचा आणि प्रत्येक पायरीवर कसून चाचणी घ्यायची. त्यासाठी रूढ झालेला ‘प्राइम९५’ हा प्रोग्राम मुळात मर्सेन अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. त्या शोधात एक चूकही अख्खी आकडेमोड वाया घालवते, म्हणून तो ज्ञात उत्तरांशी ताडून संगणकाची परीक्षा घेतो. संगणक बंद न पडता चुकीचे उत्तर देतो, तो दोष अशाच चाचणीत पकडला जातो.

२००८ मध्ये इंटेलने टर्बो बूस्ट आणले आणि तापमान पाहून वेग वाढवण्याचे काम प्रोसेसर स्वतःच करू लागला. २०११ च्या सँडी ब्रिजपासून मोकळा गुणक बहुतांशी ‘के’ अक्षराच्या, जास्त किमतीच्या प्रोसेसरांपुरता उरला. राखीव वेग आता कारखानाच वापरू लागला होता. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर, ओव्हरक्लॉकिंग न करताही, अस्थिर होत असल्याचे उघड झाले. प्रमाणाबाहेरचे व्होल्टेज हे कारण निघाले. कंपनीने ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेले प्रोसेसर मात्र मायक्रोकोडने दुरुस्त होण्यासारखे नव्हते. ते बदलून देणे हाच उपाय होता.