फुप्फुसाचं अस्तर नुसती भिंत नाही! फायब्रोसिसमध्ये आतल्या पेशी नेमकं काय करतात?



माझे काका भोसरीतल्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं फेटलिंगला होते. खोकला आणि दम सुरू झाला, तेव्हा टीबी समजून औषधं दिली गेली. काही फरक पडला नाही. मग एचआरसीटी स्कॅन केला आणि सिलिकोसिस निघाला, म्हणजे सिलिकाच्या धुळीमुळे फुप्फुसात पडलेले व्रण. "मग औषधानं जंतू का मेले नाहीत?" हा काकांचा प्रश्न होता. त्याचंच उत्तर आज सोप्या भाषेत बघूया.

अस्तरात कोणत्या पेशी असतात?

श्वासनळ्यांच्या टोकाला हवेचे बारीक फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते साधारण ४८ कोटी भरतात. त्यांच्या आतल्या अस्तरात दोन प्रकारच्या पेशी असतात.

टाइप-१: पातळ आणि पसरट. सुमारे ९५% पृष्ठभाग यांनीच झाकलेला असतो. ऑक्सिजन इथून रक्तात जातो.

टाइप-२: छोट्या आणि गोलसर, पण कामं भरपूर. फुगा मिटू नये म्हणून सरफॅक्टंट नावाचा द्रव बनवतात. टाइप-१ मेल्या तर स्वतःचं विभाजन करून नव्या तयार करतात.

यांचा इम्युनिटीशी काय संबंध?

फोनच्या भाषेत सांगतो. टाइप-१ म्हणजे स्क्रीनगार्ड, तर टाइप-२ म्हणजे अँटिव्हायरस. सरफॅक्टंटमधली काही प्रथिनं जंतूंना चिकटतात, त्यामुळे भक्षक पेशींना ते गिळणं सोपं जातं. शिवाय धोका ओळखून टाइप-२ पेशी रासायनिक संदेश सोडतात आणि इतर संरक्षक पेशींना बोलावून घेतात.

मग बिघडतं कुठे?

वाळू, शेकआऊट, ग्राइंडिंग, सँडब्लास्टिंग या कामांत सिलिकाचे अगदी बारीक कण उडतात. साधारण ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट वायुकोशापर्यंत जातात. भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात, कण पुन्हा बाहेर पडतो आणि दुसरी पेशी तोच गिळते. या धुमश्चक्रीत अस्तरालाही सतत इजा होते.

जखम भरायच्या आत पुन्हा जखम! शेवटी टाइप-२ पेशी थकतात. धड टाइप-१ होत नाहीत, धड मरत नाहीत, पण धोक्याचे संदेश मात्र सोडत राहतात. ते ऐकून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन भरत जातात. फुगा जाड आणि कडक होतो. म्हणून धुळीचं काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो.

हे फक्त धुळीपुरतं नाही. कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्येही टाइप-२ पेशींवरच मुख्य संशय आहे. काही कुटुंबांत सरफॅक्टंटच्या एका प्रथिनाच्या जनुकात बिघाड असतो. ते प्रथिन टाइप-२ पेशींतच बनतं, आणि अशा घरांत फायब्रोसिस दिसतो.

अँटिबायोटिक का चालत नाही?

१९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्यामुळे ही औषधं आपल्या ओळखीची. पण ती मारतात जंतूंना. व्रण हा जंतू नव्हे. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही औषधं काही प्रकारच्या फायब्रोसिसचा वेग कमी करतात, पडलेला व्रण मात्र पुसत नाहीत.

तुम्ही काय कराल?

- तोंडाला रुमाल पुरत नाही. नीट बसणारा रेस्पिरेटर, पाण्याचा फवारा आणि धूळ ओढणारी यंत्रणा हवी.
- फोनच्या कॅमेऱ्यावर ऑक्सिजन दाखवणाऱ्या ॲपवर विसंबू नका. बसल्यावर आकडा ठीक आणि जिना चढल्यावर घसरला, असंही होतं.
- कोरडा खोकला किंवा दम टिकला, तर डॉक्टरांना कोणतं काम किती वर्षं केलं ते आधी सांगा. १९४८च्या कारखाना कायद्यानेही सिलिकोसिसला नोंद करायच्या आजारांत ठेवलं होतं.
- सिलिकोसिस असेल तर टीबीचा धोका वाढतो, म्हणून दोन्ही तपासण्या करा.

काकांना हे उशिरा कळलं. चाकण-भोसरीत तुमचं कोणी धुळीत काम करत असेल, तर आज घरी गेल्यावर एवढंच विचारा: "जिना चढताना दम लागतो का?"