लॅटिन शाळांचा उंबरठा

युरोपातील अभिजात ख्रिस्ती शिक्षण उच्चकुलीनांपुरतेच होते, हा समज रूढ आहे. तो कितपत खरा, हे पाहण्यास येशूसंघाची (जेझुइट) विद्यालये उपयोगी पडतात.

या संघाने १५४८ साली सिसिलीतील मेसीना येथे व १५५१ साली रोममध्ये विद्यालय उघडले. अध्यापनाचे शुल्क घेत नसत. ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ या १५९९ च्या नियमावलीत तर दारिद्र्य वा हीन कुळ या कारणास्तव कोणासही प्रवेश नाकारू नये, असा स्पष्ट नियम आहे. ला फ्लेश येथे शिकलेल्या देकार्तने १६३८ च्या एका पत्रात, तेथे थोर व सामान्य घरांतील मुलांस बहुतांशी सारखेच वागवितात, याची प्रशंसा केली आहे. उलट रिशल्यूसारख्या मुत्सद्द्यास विद्या सरसकट सर्वांस मिळणे हेच राज्यास घातक वाटे. त्याने शेती व व्यापार ओस पडतील, असे त्याचे म्हणणे.

मग उच्चकुलीनतेचा आरोप आला कोठून? पार्मा येथे १६०१ साली निघालेल्या विद्यालयासारखी खास सरदारपुत्रांची निवासी विद्यालयेही या संघाने चालविली, हे एक कारण. परंतु खरे कारण प्रवेशापूर्वीच्या तयारीत सापडते. वर्गाची भाषा लॅटिन आणि पाठ सिसेरो-व्हर्जिलचे. अक्षरओळख करून देणे हेही पुण्यकर्मच, असे संघाच्या घटनेने मान्य केले. परंतु पुरेशा माणसांअभावी ते काम सामान्यतः अंगावर घेतले नाही. म्हणजे मुलाने लिहावाचावयास अन्यत्र शिकून यावयाचे आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या कमाईवाचून घराने निभवावयाचे. कारागिराचा मुलगा क्वचित हे साधी; शेतमजुराच्या मुलास दार उघडे असूनही ते बंदच राही.

ही उणीव ला साल याने ओळखली. १६८० च्या सुमारास रेंस येथे त्याने उभारलेल्या बंधुसंघाच्या शाळांत वाचनाचा आरंभ लॅटिनऐवजी फ्रेंचने होई; बंधूंना लॅटिन शिकविण्याची मनाईच होती. गरिबांस अक्षरे लाभली, परंतु वरच्या विद्येची वाट त्यांना तेथून फुटत नव्हती.

आपल्याकडे याच येशूसंघाच्या स्टीफन्सने १६१६ साली राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापविले, हे येथे स्मरणीय आहे. धर्मबोधास लोकभाषा चालली. विद्वत्तेची भाषा मात्र लॅटिनच राहिली. शिक्षण सर्वांसाठी आहे किंवा नाही, याची परीक्षा शुल्कमाफीने पुरी होत नाही. ते कोणत्या भाषेत आरंभिले जाते, हेही पाहावे लागते.