मोहाखालची राख

लाखांदूर हा भंडारा जिल्ह्यातला धानाचा तालुका. पण उन्हाळा लागला की रानालगतच्या घरांचं लक्ष बांधीवरून उठून मोहाकडे वळतं. मोहफूल पहाटे गळतं. पाचोळ्याच्या थरात ते फिकट फूल हाती लागत नाही, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून घेतात. काळ्या जमिनीवर फूल लांबूनही दिसतं. जाळ बसला की माणूस निघून जातो. बुंध्याजवळचं एखादं वाळकं खोड मात्र आतून धुमसत राहतं, आणि दुपारचं वारं सुटलं की त्याचाच वणवा होतो.

सरकारी दफ्तराने या आगीकडे आधीपासून गुन्हा म्हणूनच पाहिलं. भंडारा ज्या मध्य प्रांतात होता, त्याच प्रांतात 1864 च्या सुमारास पिअर्सन या वनाधिकाऱ्याने सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात वणवाबंदी करून दाखवली. पुढे 1878 च्या आणि 1927 च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावायला मनाई केली. पण वनखात्याची जाळरेषा तरी काय असते? दोन्ही कडा साफ करून, माणसं उभी करून, मधलं गवत मुद्दाम जाळलेला पट्टाच की! म्हणजे काडी कोणी ओढली यापेक्षा जाळ विझेपर्यंत कोण उभं राहिलं, हा खरा फरक. कायद्याने काडी पाहिली, राखण पाहिली नाही.

कोणी म्हणेल, पानगळीचं हे रान आगीला सरावलेलं आहे, पूर्वजही जाळतच होते. जुन्या झाडांपुरतं ते खरं आहे. पण दरसाल जळणाऱ्या जमिनीत मोहाचं रोप तग धरत नाही. आजच्या टोपलीसाठी नातवाचं झाड जातं. आगीनंतर विडीच्या पानाच्या तेंदूला कोवळी पानं फुटतात, हेही खरंच. पण झुडपं वेळेवर छाटली तरी तीच पानं मिळतात. त्या छाटणीला मजुरी द्यावी लागते, काडी फुकट पडते. खरी अडचण इथे आहे.

आग पसरल्यावर तिची किंमत कोण मोजतं? 8 एप्रिल 2021 रोजी नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून मेले. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो. फूल झेलायला मोहाखाली अंथरायच्या जाळ्या आणि छाटणीची मजुरी त्याआधी गावात पोचायला हवी. आणि ज्याला जाळायचंच आहे, त्याने आधी भोवतालचा पाचोळा ओढून घ्यावा, पाण्याचा हंडा जवळ ठेवावा आणि राख हाताला गार लागेपर्यंत झाडाखालून हलू नये.