पुसलेला राजा: जोगलटेंभीची नाणी
लॅपटॉपमधील पुसलेली फाइल परत मिळेल का, हे बऱ्याचदा एका गोष्टीवर ठरते: तिच्या जागी दुसरे काही लिहिले गेले आहे का?

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीची सुमारे १३,२५० नाणी सापडली. ती क्षहरात क्षत्रप नहपानाची; पण ९,००० हून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला.

नाशिकच्याच त्रिरश्मी लेण्यांतील गौतमी बलश्रीचा लेख सांगतो, की तिच्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केला. नाण्यांवर मात्र सातवाहन ठशाखाली नहपानाचा चेहरा आणि अक्षरे अनेक ठिकाणी अजून ओळखू येतात. या दुहेरी ठशांमुळे आधी कोण आणि नंतर कोण, हे ठरवता आले. नाणी वितळवली असती, तर विजयाचाही हा पुरावा उरला नसता.