व्यवसाय-व्यवस्थापनाचे पदवीशिक्षण : जासई परिसर
मुंबईच्या सिडनम महाविद्यालयात १९१३ पासून वाणिज्याचे पदवीशिक्षण मिळू लागले; त्यात भर हिशेब, बँकव्यवहार व व्यापारी कायदा यांवर होता. खाडीपलीकडील जासई (ता. उरण, जि. रायगड) परिसर मात्र भातशेती व मिठागरांवर जगत होता. या जमिनी १९७० नंतर नवी मुंबईसाठी संपादित होऊ लागल्या. वाजवी मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. परंतु हाती आलेला पैसा व्यवसायात गुंतविण्याचे शिक्षण त्या पिढीला कोणी दिले नव्हते. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू होऊन गोदामे, मालवाहतूक व सीमाशुल्क-दलाली हे व्यवसाय वेशीवर आले. मुंबई विद्यापीठाची व्यवस्थापनाची स्वतंत्र त्रिवर्षीय पदवी त्यानंतर दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, सुरू झाली.